कॉलेजचा फुटबॉल व मैदानाबाहेरील शासन

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील कॉलेज-क्रीडांचें नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेनें एक निकाल दिला. टेक्सस संस्थानांतील वेको गांवीं बेलर नांवाचें एक जुनें बॅप्टिस्ट विद्यापीठ आहे. तेथील फुटबॉल खेळणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांवर स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप आले असतां विद्यापीठानें त्यांची वाट कशी लावली, हा ह्या चौकशीचा विषय होता. तक्रारी योग्य जागीं कळविल्या गेल्या नाहींत, ही गोष्ट विद्यापीठानें स्वतःच मान्य केली होती. संघटनेच्या समितीनें त्या वर्तनाचा कडक शब्दांत निषेध केला. आणि पुढें सांगितलें कीं, अशा तक्रारी न कळविणें हा आमच्या नियमांप्रमाणें अपराध होत नाहीं, सबब त्याबद्दल आम्हांला शिक्षा देतां येत नाहीं. इतर किरकोळ नियमभंगांबद्दल तेवढी विद्यापीठावर कांहीं वर्षांची नजर ठेवण्यांत आली.

ह्याच संघटनेनें ३४ वर्षांपूर्वीं, १९८७ च्या फेब्रुवारींत, टेक्ससमधीलच सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉल सबंध एक हंगाम बंद पाडला होता. तेथील १३ खेळाडूंना एका धनिक हितचिंतकाच्या गुप्त निधींतून सुमारें ६१,००० डॉलर मिळाले होते, हा त्या विद्यापीठाचा अपराध. हे दोन निकाल एकापुढें एक ठेवून वाचणाराला पहिल्यानें वाटतें कीं, कोठें तरी मुद्रणदोष झाला असावा. मुद्रणदोष नाहीं. चोरून दिलेल्या पैशासाठीं मृत्युदंड, आणि मोडलेल्या आयुष्यांसाठीं निषेधाचा एक परिच्छेद, अशी ही न्यायपद्धति आहे. ती कोणी एका दिवसांत किंवा दुष्ट बुद्धीनें रचली नाहीं. ती कशी घडत गेली, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

फुटबॉल म्हटला कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स कपाचे सामने उभे राहतात, त्यांनीं तें चित्र क्षणभर बाजूला ठेवावें. हा खेळ वेगळा. त्यांत चेंडू बहुधा हातांत धरून पळावयाचें असतें व पळणाराला अंगबळानें पाडावयाचें असतें. आपल्याकडील घरोघरचीं मुलेंमुली आतां उच्च शिक्षणासाठीं तिकडे जातात आणि शरद्‌ ऋतूंतील शनिवारीं सारें गांव एकाच रंगाचे कपडे घालून एकाच दिशेनें कां चाललें आहे, ह्याचा अचंबा पत्रांतून कळवितात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत लाखाहून अधिक माणसें बसतात. मध्यभागीं जे खेळतात ते त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. निदान पटावर तरी त्यांचीं नांवें विद्यार्थी म्हणूनच असतात.

आरंभीं हा खेळ केवळ विद्यार्थ्यांचा होता, आणि अध्यापकांचा त्याशीं संबंध मनाई करण्यापुरताच होता. हार्वर्डमध्यें जुने व नवे विद्यार्थी ह्यांची चेंडूच्या निमित्तानें दरवर्षीं जी मारामारी होई, ती १८६० सालीं बंद करण्यांत आली. तेव्हां विद्यार्थ्यांनीं एका बाहुल्याला 'फुटबॉल फायटम' असें नांव देऊन त्याची प्रेतयात्रा काढली व विधिपूर्वक दफन केलें. १८६९ च्या नोव्हेंबरांत रटगर्स व प्रिन्स्टन ह्या कॉलेजांत पहिला आंतरकॉलेजीय सामना झाला. एकेका बाजूला २५ खेळाडू होते, आणि रटगर्सनें तो ६ विरुद्ध ४ असा जिंकला. कॅप्टन निवडणें, वर्गणी जमविणें, सामना ठरविणें, सारें मुलेंच करीत. पगारी कोच, तिकिटें आणि मोठीं क्रीडांगणें हीं मागाहून आलीं. आणि तीं आल्याबरोबर विद्यार्थ्यांच्या हातून खेळ निसटला. तो अध्यापकांच्या हातीं मात्र गेला नाहीं. त्यानें स्वतःचें एक निराळें संस्थान उभें केलें.

१९०५ च्या हंगामांत मैदानावरील मृत्यूंची संख्या इतकी वाढली कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ह्यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वर्षीं हार्वर्डच्या नवागतांच्या संघांत होता. ह्या हालचालींतून १९०६ सालीं कॉलेजांची एक संघटना निघाली व १९१० पासून ती आजच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिच्या जन्मकाळच्या चिंता दोन होत्या, मैदानावर मोडणारीं हाडें आणि मैदानाबाहेर वाटला जाणारा पैसा. रात्रीं गांवांत किंवा वसतिगृहांत खेळाडू कसा वागतो, ही तिसरी चिंता तिच्या पत्रिकेंत नव्हती. त्या काळच्या समजुतीप्रमाणें असण्याचें कारणही नव्हतें. विद्यार्थी खेळाडू असो वा नसो, तो डीनच्या ताब्यांतला. त्यानें गैरवर्तन केलें तर डीन त्याला घरीं पाठवील. संघटनेला तेथें काय काम?

पैशाच्या बाबतींत मात्र नियमांचा डोंगर वाढत गेला. १९२९ सालीं कार्नेगी संस्थेनें शंभराहून अधिक कॉलेजें तपासून एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. बहुसंख्य कॉलेजें खेळाडूंना ह्या ना त्या मिषानें पैसे पुरवितात, असें त्यांत नांवानिशीं दाखविलें होतें. १९४८ मध्यें कडक नियमावली झाली. १९५० मध्यें ती न पाळणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव आला; आवश्यक बहुमत न मिळाल्यामुळें तो बारगळला, आणि लौकरच ती नियमावलीच रद्द झाली. अखेर १९५६ पासून केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति देण्यास उघड परवानगी मिळाली. १९७३ मध्यें ती एकेका वर्षाची करण्यांत आली. वाचकांनीं ह्या शेवटल्या बदलाकडे विशेष लक्ष द्यावें. शिष्यवृत्ति दरवर्षीं पुन्हां मिळावयाची, आणि ती मिळावी कीं नाहीं हें ठरविण्यांत कोचचा शब्द मुख्य. मुलाची फी, राहणें, जेवण आणि भवितव्य हीं चारही एका माणसाच्या मर्जीला बांधलीं गेलीं.

पण ह्या पुढील काळाकडे वळण्यापूर्वीं १९५१ सालीं वेस्ट पॉइंट येथें घडलेल्या प्रकरणाकडे पाहिलें पाहिजे. मैदानाबाहेरील गुन्ह्यासाठीं एका संस्थेनें स्वतःच्याच नामांकित संघाचा बळी दिला, असें ह्या इतिहासांत क्वचितच घडलें आहे.

हडसन नदीच्या कांठची ही सैनिकी अकॅडमी १८०२ सालची. तेथील छात्रांचा एक मानधर्म आहे. छात्रानें खोटें बोलूं नये, लबाडी करूं नये, चोरी करूं नये, आणि दुसऱ्यानें केलेली खपवून घेऊं नये. हा धर्म राखण्याचें काम छात्रांच्याच एका समितीकडे असतें. ह्या अकॅडमीचा फुटबॉल-संघ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत देशांत अजिंक्य होता. १९४४ व १९४५ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें राष्ट्रीय अग्रपद मिळविलें. कोच अर्ल ब्लेक हे स्वतः तेथूनच शिकून बाहेर पडलेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ होते.

आतां परीक्षेची रीत पाहा. छात्रांच्या दोन रेजिमेंटी होत्या. दोघींना त्याच विषयाची तीच प्रश्नपत्रिका मिळे, पण एकाच दिवशीं नव्हे. आज एकीची परीक्षा, उद्यां दुसरीची. पहिल्या दिवशीं परीक्षा देऊन आलेल्या मुलानें दुसऱ्या रेजिमेंटींतील मित्राला प्रश्न सांगूं नयेत, एवढी अपेक्षा मानधर्मावर सोंपविलेली होती. फुटबॉलच्या खेळाडूंचे तासचे तास सरावांत व प्रवासांत जात, आणि अभ्यासक्रम गणित-यंत्रशास्त्राचा, अवघड. मागें पडणाऱ्या खेळाडूंना अभ्यासांत हुशार मुलांकडून शिकवणी देण्याची व्यवस्था होती. त्या शिकवणीच्या टेबलावरून कधीं तरी समजावून दिलेल्या उदाहरणाऐवजीं आदल्या दिवशींचें उदाहरणच पलीकडे गेलें, आणि वहिवाट पडली. ज्यानें परीक्षेची व्यवस्था एक दिवसही पाहिली आहे, त्याला ह्यांत आश्चर्य वाटूं नये. एकच प्रश्नपत्रिका दोन दिवस वापरणें ही परीक्षकाच्या आळसाची जगभर चाललेली तऱ्हा आहे. वेस्ट पॉइंटनें त्या आळसाला मानधर्माचें नांव दिलें होतें.

१९५१ च्या वसंतांत ही गोष्ट फुटली. चौकशी झाली. तिचा निष्कर्ष योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सेनाखात्यानें तीन जणांची समिति नेमली. तीत लर्नेड हँड हे त्या देशांतील अत्यंत आदरणीय न्यायाधीश होते. समितीनें निष्कर्ष उचलून धरला. ३ ऑगस्ट रोजीं जाहीर झालें कीं सुमारें ९० छात्रांना अकॅडमींतून काढण्यांत येत आहे. त्यांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुटबॉल-संघांतले होते. संघाचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे सेनानायकाच्या जागेवर खेळणारा, त्यांत होता. आणि तो कोच ब्लेक ह्यांचा मुलगा होता.

देशभर खळबळ उडाली. कोरियांत युद्ध चालू होतें. भावी सेनाधिकारी लबाड निघाले हें लोकांना सहन होईना. सेनेटर फुलब्राइट ह्यांनीं लष्करी व आरमारी अकॅडमींतील फुटबॉलच कांहीं काळ थांबवावा, असें सुचविलें. ब्लेक राजीनामा देण्याच्या बेतांत होते. त्यांचे जुने वडील स्नेही जनरल मॅकार्थर ह्यांनीं राहण्याचा सल्ला दिला, व ते राहिले. त्या हंगामांत उरल्यासुरल्या पोरांच्या संघानें नऊपैकीं सात सामने गमावले. काढलेल्या मुलांपैकीं कांहींना नॉत्र दाम विद्यापीठांत शिक्षण घेतां यावें म्हणून एका दात्यानें नांव न सांगतां खर्च उचलला. तो दाता जोसेफ केनेडी, पुढें अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा बाप, हें मागाहून कळलें.

ह्या शिक्षेचा मीं बराच विचार केला आहे. ती निःपक्षपाती होती, ह्यांत शंका नाहीं. जिंकणारा संघ वांचविण्यासाठीं कायदा वांकविला गेला नाहीं, आणि शिक्षेचा निर्णय कोचकडे नव्हता. परंतु दोन दिवस एकच प्रश्नपत्रिका देण्याचा शहाणपणा ज्यांना सुचला होता, त्यांच्या नोकरीला धक्का लागल्याचें ऐकिवांत नाहीं. शिवाय, हा गुन्हा परीक्षेच्या खोलींतला. त्यांत कोणा परक्याच्या अंगावर ओरखडाही उठला नव्हता. हें लक्षांत ठेवूनच पुढील प्रकरणें वाचावीं.

पुढील दहा वर्षांतच डीनचे दिवस संपले. अमेरिकेंतील कॉलेजें तोंपर्यंत विद्यार्थ्यांच्या पितृस्थानीं मानलीं जात. कारण न सांगतां, म्हणणें न ऐकतां मुलाला काढून टाकण्याचा अधिकार कॉलेजाला होता. १९६० सालीं अलाबामांतील एका सरकारी कॉलेजानें कांहीं निग्रो विद्यार्थ्यांना असेंच काढलें. गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसण्याची चळवळ त्यांनीं केली, एवढाच त्यांचा अपराध होता. १९६१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, सरकारी कॉलेजांतील विद्यार्थ्याला काढण्यापूर्वीं त्याला आरोप कळविला पाहिजे व त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. न्याय योग्य झाला. कॉलेजांचें पितृत्व ओसरलें, प्रौढ विद्यार्थी प्रौढ म्हणून वागविला जाऊं लागला. फक्त एक बाप आपल्या जागीं कायम राहिला, तो म्हणजे फुटबॉलचा कोच. खेळाडूंनीं कितीला निजावें, केस किती वाढवावे, कोणाबरोबर हिंडावें, हें तो ठरवी. आणि चुकल्यास पहांटे चारला मैदानाभोंवतीं धांवावयास लावी. गांवच्या पोलिसालाही पुष्कळ ठिकाणीं हें सोईचें वाटे. पोराला ठाण्यावर नेण्यापेक्षां कोचला टेलिफोन केला म्हणजे भागे.

ह्या पितृत्वाला घर पाहिजेच होतें. तें खेळाडूंच्या स्वतंत्र वसतिगृहांच्या रूपानें उभें राहिलें. इतरांहून उंची फर्निचर, निराळें स्वयंपाकघर, निराळे नियम. हेतु असा कीं पोरें नजरेखालीं राहावीं. परिणाम उलट झाला. इतर विद्यार्थ्यांपासून तुटलेलीं, गांवानें डोक्यावर घेतलेलीं शंभर तरुण शरीरें एका छपराखालीं कोंडल्यानें सद्गुण वाढीस लागतात, असा कोणाचा अनुभव नाहीं. १९८९ च्या आरंभीं ओक्लाहोमा विद्यापीठांत पांच-सहा आठवड्यांच्या आंत एका खेळाडूनें वसतिगृहांत आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. त्याच इमारतींत एका स्त्रीवर सामुदायिक अत्याचार झाला. आणि संघाचा क्वार्टरबॅक गुप्त पोलिसाला कोकेन विकतांना सांपडला. कोच बॅरी स्विट्झर जून महिन्यांत पायउतार झाले. नियामक संघटनेनें ह्या विद्यापीठाला आदल्याच डिसेंबरांत शिक्षा दिली होती. अर्थात्‌ ती पैशाच्या व खेळाडू मिळविण्याच्या बाबतींतली! वसतिगृहांबद्दल मात्र तिला शहाणपण सुचलें, आणि १९९६ च्या ऑगस्टपर्यंत अशीं स्वतंत्र घरें मोडावीं असें तिनें ठरविलें.

आतां नेब्रास्काचें प्रकरण. ह्यांत कोच लबाड नव्हता, आणि म्हणूनच तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. टॉम ऑस्बॉर्न हे सौम्य, धार्मिक, मितभाषी म्हणून ख्यात होते. १९९४ सालचें राष्ट्रीय अग्रपद त्यांच्या संघाकडे होतें. त्यांच्याकडे लॉरेन्स फिलिप्स नांवाचा एक असामान्य धांवपटु होता. त्याचें बालपण कॅलिफोर्नियांत अनाथासारखें, आश्रयगृहांत गेलेलें. १९९५ च्या सप्टेंबरांत एका रात्रीं तो एका सोबत्याच्या घरांत शिरला. पूर्वीं ज्या मुलीशीं त्याचा स्नेह होता ती तेथें होती. तिला त्यानें मारलें व केस धरून जिन्यावरून खालीं ओढीत नेलें. ऑस्बॉर्न प्रथम म्हणाले कीं त्याला काढलें आहे. मग म्हणाले, कायमचें नव्हे. सहा सामने तो बाहेर बसला. नोव्हेंबरांत परत आला. १९९६ च्या २ जानेवारीस अग्रपदाच्या सामन्यांत नेब्रास्कानें फ्लॉरिडाचा ६२ विरुद्ध २४ असा फडशा पाडला. त्यांत फिलिप्स १६५ यार्ड धांवला.

ऑस्बॉर्न ह्यांचा युक्तिवाद असा होता कीं, ह्या मुलाच्या आयुष्यांत शिस्त म्हणून जी एक गोष्ट आहे ती फुटबॉल. ती काढून घेतली तर तो बुडेल. हा युक्तिवाद ढोंगी म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. हेडमास्तर असोत, प्राध्यापक असोत वा वसतिगृहाचे रेक्टर असोत, वाया चाललेल्या मुलाबद्दल असें प्रत्येकाला केव्हां ना केव्हां वाटलेलें असतें. परंतु त्याच विद्यापीठाच्या पटावर आणखी एक नांव होतें. ती मुलगीही विद्यार्थिनीच होती, खेळाडूही होती, आणि तिच्या आयुष्यांतील शिस्त, अभ्यास व निर्भयता ह्यांचें काय व्हावें, हा प्रश्न कोचच्या कार्यालयांत येण्याचें कारणच नव्हतें. बाप आपल्या मुलाचा विचार करतो. शेजारच्याच्या मुलीचा विचार करण्यासाठीं न्यायाधीश लागतो. येथें दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे, आणि पुढील शनिवारच्या सामन्याची जबाबदारीही त्याच्याकडेच. वेस्ट पॉइंटला नक्कल केलेल्या उत्तरांसाठीं ९० मुलें घरीं गेलीं होतीं. येथें सहा सामने.

फिलिप्स शेवटीं बुडालाच. धंदेवाईक फुटबॉलांत तो टिकला नाहीं. पुढें दुसऱ्या गुन्ह्यांसाठीं त्याला दीर्घ कारावास झाला, आणि १९९६ च्या त्या विजयानंतर वीस वर्षांनीं, २०१६ च्या जानेवारींत, कॅलिफोर्नियांतील तुरुंगांत त्यानें आत्महत्या केली. ऑस्बॉर्न मध्यंतरीं कायदेमंडळावर निवडून गेले होते.

कोचच्या घरच्या न्यायाला पहिला मोठा अडथळा आला तो क्रीडासंघटनेकडून नव्हे, तर एका कायद्याकडून. १९७२ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें ठरविलें होतें कीं, ज्या शिक्षणसंस्थांना मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळतो त्यांत स्त्रीपुरुष असा भेद होतां कामा नये. लोकांना हा कायदा मुलींना खेळांत वाटा देणारा म्हणूनच ठाऊक होता. परंतु हळूहळू न्यायालयांनीं त्याचा अर्थ लाविला कीं, अत्याचाराची तक्रार कळूनही संस्था बेपर्वाईनें बसून राहिली तर तोही भेदच होय. कोलोराडो विद्यापीठांत २००१ च्या डिसेंबरांत नव्या खेळाडूंना भुलविण्यासाठीं झालेल्या एका मेजवानीनंतर दोन स्त्रियांनीं दावा लावला. खालच्या कोर्टानें तो काढून टाकला. २००७ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो पुन्हां जिवंत केला, आणि विद्यापीठानें पंचवीस लाखांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली.

तरी सवय जाईना. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांत २००७ च्या एप्रिलमध्यें कांहीं खेळाडू एका घरांत शिरून मारामारी करते झाले. विद्यापीठाच्या शिस्तखात्याच्या प्रमुख बाईंचें म्हणणें, इतर विद्यार्थ्यांना जो नियम तोच ह्यांना. वृद्ध कोच जो पॅटर्नो ह्यांचें म्हणणें, माझीं पोरें मी पाहून घेईन. त्यांनीं साऱ्या संघाला त्या हंगामांत घरच्या सामन्यानंतर क्रीडांगण झाडण्याची शिक्षा दिली. लाख प्रेक्षकांचा कचरा पैलवानांनीं गोळा करावा, ही शिक्षा मला व्यक्तिशः पसंत आहे. पण ती देण्याचा अधिकार कोणाचा हाच तंटा होता, आणि त्या बाईंनीं त्याच वर्षीं नोकरी सोडली.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ सालीं ड्यूक विद्यापीठांतील लक्रॉस नांवाच्या खेळाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप आला. विद्यापीठानें घाईघाईनें हंगाम रद्द केला, वर्तमानपत्रांनीं निकाल देऊन टाकला. आणि वर्षभरानें संस्थानच्या मुख्य कायदेपंडितानें ते तिघे निर्दोष असल्याचें जाहीर केलें. सरकारी वकिलाची सनद गेली. शिवाय, मोठ्या फुटबॉल-संघांतील निम्म्याच्या आसपास खेळाडू कृष्णवर्णीय असतात, कित्येक गरीब घरचे. त्यांच्यावर आरोप आला कीं खरें मानण्याची लोकांची तयारी आधींच झालेली असते. तेव्हां कोचच्या हातून न्याय काढून तो गर्दीच्या हातीं द्यावा, असें कोणी सुचविणार नाहीं.

आणि आतां पुन्हां बेलर. २००८ च्या हंगामापासून आर्ट ब्राइल्स हे तेथें कोच होते. पूर्वीं नेहमीं हरणारा संघ त्यांनीं वर आणला. २०१३ व २०१४ मध्यें आपल्या मंडलाचें अग्रपद मिळालें. नदीकांठीं २६ कोटींहून अधिक डॉलर खर्चून नवें क्रीडांगण उठलें. विद्यापीठाचे अध्यक्ष केनेथ स्टार होते, हेंही एक नवलच. अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या खासगी वर्तनाचा धांडोळा घेणारे सरकारी वकील म्हणून ह्यांची जगभर प्रसिद्धि झाली होती. २०१६ मध्यें विद्यापीठानेंच नेमलेल्या वकिलांच्या पेढीनें जें कांहीं शोधलें, त्याचा १३ पानांचा सारांश प्रसिद्ध झाला. त्यांत असें होतें कीं, फुटबॉलच्या कार्यालयानें खेळाडूंची शिस्त आपल्याच ताब्यांत ठेवली. तक्रारी विद्यापीठाच्या शिस्तमंडळाकडे किंवा पोलिसाकडे जाऊं नयेत म्हणून त्या वळविल्या. प्रसंगीं तक्रार करणाऱ्या स्त्रीची परस्पर भेट घेतली आणि वर कळविलें नाहीं. ब्राइल्स ह्यांना काढलें, स्टार ह्यांचें अध्यक्षपद गेलें. २०१६ च्या अखेरीस विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं सांगितलें कीं, २०११ पासून १७ स्त्रियांनीं १९ खेळाडूंविरुद्ध तक्रार केली होती.

ह्या सर्वाचा जाब क्रीडासंघटना विचारूं शकली नाहीं, हें आरंभीं सांगितलेंच आहे. बेलरचें प्रकरण सर्वत्र कळण्यापूर्वींच, २०१५ मध्यें, आग्नेयेकडील कॉलेजांच्या एका मोठ्या मंडलानें मात्र नियम केला कीं, स्त्रियांवरील अत्याचारासारख्या गंभीर कारणासाठीं एका विद्यापीठानें काढलेला खेळाडू आपल्यांपैकीं दुसऱ्यानें उचलूं नये. असा नियम करावा लागला, ह्यावरून पूर्वीं काय चालत असे हें कळतें. आणि ज्या पैशाभोंवतीं शंभर वर्षें कुंपण घातलें, त्या कुंपणाचें काय झालें? १९८७ च्या त्या प्रकरणांत टेक्ससचे गव्हर्नर क्लेमेंट्स ह्यांनीं कबूल केलें होतें कीं, खेळाडूंना दिलेलीं वचनें मोडूं नयेत म्हणून विद्यापीठाच्या नियामक मंडळींनींच पैसे चालू ठेवण्यास संमति दिली. त्याबद्दल केवढा गहजब झाला! २०२१ च्या जुलैपासून खेळाडूला आपल्या नांवावर व छबीवर पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. आणि एका दाव्याच्या तडजोडीनंतर २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठें स्वतःच आपल्या खेळाडूंना रोख पैसे देऊं लागलीं, वर्षाकांठीं एकेका विद्यापीठाला दोन कोटींच्या वर डॉलर खर्चण्याची मुभा ठेवून. जो अपराध होता, तो धंद्याचा परिपाठ झाला.

बेलरविरुद्ध लावलेल्या दाव्यांपैकीं बहुतेक तडजोडीनें मिटले. एका स्त्रीनें मात्र शेवटपर्यंत खटला चालविला. एका फुटबॉल-खेळाडूनें २०१४ मध्यें आपल्याला मारहाण केली व विद्यापीठानें दखल घेतली नाहीं, अशी तिची फिर्याद होती. खटल्याच्या ओघांत न्यायाधीशानें कोच ब्राइल्स ह्यांना प्रतिवादींतून वगळलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत वेको येथील ज्यूरीनें विद्यापीठाला हयगयीबद्दल दोषी धरलें, आणि तिला २ लाख ७० हजार डॉलर देवविले.